एसीचं कोमट पाणी

१

निरंजनच्या घरात आजवर मेकॅनिकने पाऊल ठेवलं नव्हतं, आणि याचा निरंजनला कोण अभिमान! चाकणच्या एका कंपनीत तो मेंटेनन्सला होता. प्रेस शॉपमधली पत्रा दाबणारी ती अवाढव्य धुडं रात्रभर त्याच्याच भरवशावर चालायची. असल्या माणसाने घरचा मिक्सर दुरुस्तीला बाहेर द्यायचा म्हणजे हलवायाने घरच्या लग्नात दुसऱ्याच्या दुकानातून जिलबी आणायची. म्हणून गिझर, पंखा, इस्त्री, सगळ्यांवर त्याचाच हात फिरलेला. बायको स्वरूपा म्हणायची, "आपल्या घरात सगळे स्क्रू जागेवर असलेली एक वस्तू दाखव." यावर तो मनापासून हसायचा आणि दाखवायचा मात्र नाही.

काळेवाडीतला हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांनी दिवाळीनंतर घेतला, रीसेलचा. आधीच्या मालकाने झोपायच्या खोलीतला एसी भिंतीवर तसाच सोडला होता. "चालू आहे, वापरा," एवढंच म्हणून तो गेला. लातूरकडच्या या दोघांनी आयुष्यात पहिल्यांदाच उन्हाळ्यात एसी लावला, आणि पहिले काही दिवस येईल त्या पाहुण्याला ती खोली दाखवण्यात गेले.

निरंजनची कायमची थर्ड शिफ्ट. सकाळी कंपनीची बस त्याला फाट्यावर सोडायची. तो जिने चढून येईपर्यंत स्वरूपा पर्स खांद्याला लावून दारात उभी. तिची भोसरीला वायरिंगच्या कंपनीत जनरल शिफ्ट. चपला घालता-काढता ती दोघं उंबऱ्यातच एकमेकांना चार्ज द्यायची, शॉपफ्लोअरवर एक पाळी दुसऱ्या पाळीला देते तसा. "दूध प्यायलीय. वरण झाकून ठेवलंय. केस विंचरू देत नाही, तूच बघ." तो म्हणायचा, "चार्ज घेतला." की ती गेली. चार्ज असायचा चार वर्षांच्या दिव्याचा. बालवाडीला मे महिन्याची सुट्टी लागली होती.

मग अंघोळ, जेवण, पडदे, एसी. बाप-लेक शेजारी शेजारी झोपायचे. ही झोप त्याला हवीच होती. मागच्या उन्हाळ्यात त्याच्या पाळीतल्या रोहिदासला प्रेसवर डुलकी लागली आणि त्याचा उजवा हात कोपरापासून गेला. हात सोडवायला मशीन उलटं फिरवलं ते निरंजननेच. तेव्हापासून दिवसा झोप झाली नाही की तो कंपनीच्या गेटातून आत गेल्या गेल्या नळावर जाऊन तोंडावर पाणी मारायचा.

दिव्या तशी दुपारी झोपणारी पोर नव्हती. एरवी घरभर उंडारायची, भांडी बडवायची. पण त्या खोलीत एसी लागला की मुकाट्याने आडवी व्हायची. निरंजनला वाटलं, चला, बरं झालं.

२

पहिली कुरकुर एसीनेच केली. दोघांचा डोळा लागला की थोड्या वेळाने तो आपोआप बंद पडायचा. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत राहायचा. निरंजन घामाने भिजून उठायचा, रिमोट दाबायचा, एसी निमूट चालू व्हायचा, आणि झोप लागली की पुन्हा बंद. जागेपणी मात्र एकदाही नाही. निरंजनने मुद्दाम पाहिलं. तो पलंगावर बसून मोबाईल चाळत राहिला तर एसी गुण्यागोविंदाने चालायचा.

"कुणाला तरी बोलव बाबा," स्वरूपा म्हणाली. "फाट्यावर एसीवाल्यांची रांग लागलीय."

"येतात आणि गॅस संपला म्हणतात. सगळ्यांचं एकच रडगाणं. मी बघतो ना."

"तू बघतोस याचीच भीती वाटते."

त्याने फिल्टर काढला, जुन्या टूथब्रशने घासून उन्हात वाळवला. फरक पडला नाही. मग त्याची खात्रीच पटली की आतला सेन्सर खुळावला आहे. कंपनीत असं सारखं होतं. एखादा सेन्सर उगाच मशीन थांबवतो, वरून प्रॉडक्शनचा तगादा असतो, आणि माल तर निघालाच पाहिजे. मग मेंटेनन्सवाला गुपचूप त्या सेन्सरला बगल देऊन एक वायर जोडतो. याला म्हणायचं बायपास. मशीनला वाटतं सगळं ठीक आहे, आणि ते चालत राहतं. करतात सगळेच, कबूल कुणी करत नाही.

सुट्टीच्या दिवशी, स्वरूपा दिव्याला घेऊन बाजारात गेलेली असताना, त्याने एसीचं झाकण उघडलं आणि तेच केलं. हा थांबतोय तो कशासाठी थांबतोय, असा प्रश्न त्याच्या मनाला शिवला नाही. खरं तर मेंटेनन्सच्या माणसाला तोच पहिला पडायला हवा.

दुसऱ्या दिवसापासून एसी बंद पडला नाही. बाप-लेक झोपले ते संध्याकाळी स्वरूपाने येऊन हाका मारल्या तेव्हा उठले. दिव्याच्या गालावर उशीची घडी उमटली होती. ती इतकी गाढ झोपली होती की तिला उभं केलं तरी तिची मान कलत होती.

३

एसीच्या पाण्याची नळी मागच्या बाल्कनीत निघत होती. तिच्याखाली स्वरूपाने एक बादली ठेवली होती. पाणी फुकट कशाला घालवायचं, त्यात फरशी पुसून होते, असा तिचा हिशोब. मे महिन्याच्या कोरड्या हवेत एसीला पाणी सुटतं ते किती? बादलीचा तळ झाकला तरी पुष्कळ.

बायपास केल्यावर बादली भरू लागली.

"हवेत दमटपणा वाढलाय," निरंजन म्हणाला. दोरीवर घातलेली चादर बघता बघता कडक होत होती, ओठांना साय लावावी लागत होती, आणि हा म्हणे दमट! स्वरूपाने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तिला कामावर उभं राहून राहून पाय भरून यायचे. वाद घालायला अंगात त्राण नव्हतं.

एका दुपारी तो लवकर उठला आणि बादली उचलायला गेला. पाणी हिंदकळून हातावर आलं. कोमट होतं. त्याने पुन्हा बोटं बुडवली. चटका बसावा असं नाही, लहान बाळाच्या अंघोळीला मोठी माणसं कोपर बुडवून बघतात ना, तेवढं. एसीचं पाणी गार असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. नळीवर ऊन येत असणार, त्याने स्वतःला सांगितलं. मग वर पाहिलं. बाल्कनी पूर्वेची, ऊन केव्हाच पलीकडे गेलं होतं. मग भिंत तापली असणार. त्याने भिंतीला हात लावला. भिंत गार होती.

हात झटकताना एक थेंब ओठावर उडाला. त्याने नकळत जिभेने टिपला. खारट लागला. बोअरचं पाणी असेल, असं त्याला वाटून गेलं, आणि मग एसीला कुठून आलं बोअरचं पाणी, असंही वाटलं. त्याने बादली मोरीत ओतून टाकली आणि स्वरूपाला सांगितलं की आता या पाण्याने फरशी पुसू नको, चिकट होते. का ते सांगितलं नाही.

४

जुन्या मेंटेनन्सवाल्यांची एक रीत असते. मशीनच्या आत काय बिघडलंय ते कळेना झालं की लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक मशीनवर टेकवायचं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची. आतली खरखर थेट डोक्यात ऐकू येते. बेअरिंग गेलंय की गिअर, कान सांगतो. निरंजनचा कान या बाबतीत नावाजलेला होता.

त्या दिवशी दिव्या झोपल्यावर तो स्टुलावर चढला आणि एसीला स्क्रू ड्रायव्हर लावला. फॅनची मोटर ठणठणीत होती. बेअरिंगही. तो समाधानाने उतरणार तेवढ्यात त्या आवाजाच्या खाली, खूप खाली, त्याला आणखी काहीतरी लागलं. आत येणारं आणि बाहेर जाणारं. एक लांब, संथ. आणि त्याच्या मधून मधून एक लहान, भरभर.

त्याने श्वास रोखला. तो लांब, संथ आवाज थांबला. लहान चालूच राहिला.

त्याने श्वास सोडला, तसा तो लांब आवाजही सुरू झाला. खाली पलंगावर दिव्याची छाती वरखाली होत होती, आणि त्या लहान आवाजाशी तिची लय एका तालात चालली होती. निरंजनच्या मानेवर काटा आला. मग बुद्धी मदतीला धावली, ती धावतेच. मूठ हाडाला टेकलीय, आपलाच श्वास ऐकू येतोय. पोरीचा आवाज भिंतीवरून परत येतोय. पत्र्याला आवाज धरायची खोडच असते. असलं बरंच काही त्याने स्वतःला समजावलं, आणि त्यातलं प्रत्येक कारण त्याला कंपनीत कुणी दिलं असतं तर त्याने त्या माणसाला हाकलून दिलं असतं.

आणि यानंतर त्याने काय केलं? तर तो तिथेच, त्याच एसीखाली, पोरीशेजारी झोपला. रात्री प्रेसवर उभं राहायचं होतं. बाहेरच्या खोलीत पंख्याचा वारा इस्त्रीच्या वाफेसारखा लागत होता. भीती खरी होती, पण रोहिदासचा हात त्याहून खरा होता.

५

समोरच्या दारातल्या कुसुमताई मूळच्या इथल्याच, मावळातल्या शेतकऱ्याच्या घरच्या. दुपारी त्या पॅसेजमध्ये बसून लसूण सोलायच्या. एकदा दिव्या त्यांच्याकडे पळत जाताना आपटली आणि गळा काढून रडायला लागली. निरंजन धावत बाहेर आला तर कुसुमताई पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरून बघत होत्या.

"निरंजन, हिला पानी पाज. रडती एवढी, पर डोळ्यात टिपूस न्हाई बघ."

त्याने पाहिलं. तोंड वेडंवाकडं, आवाज फाटलेला, आणि डोळे कोरडे. गुडघा सोलवटला होता, पण तिथे नुसती पांढरी साल निघाली होती, लाल काही नव्हतं. त्याने तिच्या हाताच्या पाठीवर चिमटा घेतला. कातडी वर उचलली गेली आणि तशीच उभी राहिली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. दिव्या पेल्यावर पेले पाणी प्याली आणि तरी पेला सोडीना.

"उनाचं व्हतं आसं," कुसुमताई म्हणाल्या. "पर ही उनात येती कुठं? दिवसभर त्या गारठ्यातच असती."

त्या दिवशी एसी लावला नाही. तो एकटाच हॉलमध्ये झोपायला गेला. दिव्या कुसुमताईंच्या घरी खेळत राहिली आणि निरंजन या कुशीवरून त्या कुशीवर लोळत राहिला. त्या पाळीत त्याला प्रेससमोर उभ्या उभ्या डुलकी लागली. कुणीतरी मागून ओरडलं म्हणून बोटं वाचली. सकाळी तो घरी आला.

स्वरूपाने चार्ज दिला. "आज हिला कुसुमताईंकडेच ठेव. आणि संध्याकाळी डॉक्टरला दाखवू तिला, मी लवकर येते. काय रे, चेहरा असा का झालाय?"

"झोप नाही झाली."

"मग खोलीत झोप ना."

तो तिथेच बोलला असता तर! पण काय बोलायचं? एसी श्वास घेतो? बायकोने हसून वेड्यात काढलं असतं, आणि तिने हसून वेड्यात काढलेलं त्याला तेव्हा चालणार नव्हतं. फक्त आज, तो मनाशी म्हणाला. दिव्याला त्याने कुसुमताईंच्या हवाली केलं, पुढचं दार ओढून घेतलं, खोलीत जाऊन वरची कडी लावली, आणि एसी लावला.

जाग आली ती शेजारी काहीतरी तापलेलं लागत होतं म्हणून. दिव्या त्याच्या कुशीत होती. तिचं अंग तव्यासारखं होतं आणि कोरडं ठाक. ओठांना भेगा पडलेल्या, डोळे आत गेलेले, अर्धवट उघडे. हलवलं तरी उठेना. तिला उचलून तो दाराकडे धावला आणि कडी काढायला हात वर केला. कडी त्याने लावली होती तशीच होती. दिव्याचा हात स्टुलावर चढूनही तिथे पोचला नसता.

बाल्कनीत बादली भरून वाहत होती. पाणी हॉलच्या फरशीवर आलं होतं, आणि अनवाणी पायांना ते कोमट लागलं.

६

"हिला प्यायला पाणी देत नव्हता का?" दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं. रागावून विचारलं असतं तर परवडलं असतं. त्यांनी समजत नाही म्हणून विचारलं. सलाइनची सुई टोचायला शीर सापडेपर्यंत नर्सच्या कपाळावर घाम आला. दिव्या रडली नाही.

स्वरूपा कंपनीच्या ड्रेसवरच धावत आली होती. ती निरंजनला म्हणाली, "माणूस बोलव. एसीवाला. आत्ताच्या आत्ता." त्या खोलीशी याचा संबंध आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आईला कळलं, एवढंच.

अशा रीतीने निरंजनच्या घरात पहिला मेकॅनिक आला. विलास त्याचं नाव, फाट्यावर दुकान, बोलका गडी. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिशवी घेऊन हजर झाला आणि आधी डक्टमधल्या बाहेरच्या युनिटकडे गेला. तिथून त्याचं हसू ऐकू आलं.

"दादा, हा कधीपासून बंद आहे?"

"काल दुपारपर्यंत चालू होता."

"फॅन फिरत असेल हो. कॉम्प्रेसर जाम आहे. गंज बघा किती चढलाय. वायर पण जळून तुटलीय, आणि तुटलेल्या टोकाला कोळ्याचं जाळं आहे. दोन-तीन उन्हाळे तरी गेले असतील. ह्याच्यातून गार हवा येणं शक्यच नाही. पाईपला हात लावून नाही बघितलं कधी?"

नव्हतं बघितलं. खोली गार होत होती. पाईपला हात कशाला लावायचा? चालत्या मशीनला हात लावायचा नाही, असं त्याला पहिल्या दिवशीच शिकवलं होतं.

विलास खोलीत आला आणि त्याचं बोलणं बंद झालं. एसीचं बटण बंद होतं. घरातला मेन स्विचही निरंजनने आदल्या दिवशी खाली केला होता. बाहेर मे महिना पेटलेला. आणि विलासने स्वतःच्या दंडावर हात चोळला, थंडीत चोळतात तसा. त्याने एसीचं झाकण उघडलं, आत बॅटरी मारली. पाणी साठतं त्या पन्हळीत धुळीचा जाड थर होता, कोरडा, भेगाळलेला. इथून एक थेंब कधी वाहिला नव्हता.

"मग बादलीत..." निरंजनने सुरुवात केली.

"दादा, मी गॅस भरतो, पाईप बदलतो," विलास खाली बघत म्हणाला. "हे माझ्या कामातलं नाही. काढू का हा?"

"काढा. घेऊन जा. दोन्ही युनिट घेऊन जा."

विलासने ते काम कसं उरकलं ते बघण्यासारखं होतं. त्याने एकदाही भिंतीकडे पाठ केली नाही. तो गेल्यावर निरंजनने नळीचं भोक सिमेंटने बुजवलं, पडदे काढून टाकले, खिडक्या सताड उघडल्या. ऊन थेट पलंगावर येऊन पडलं. हळूहळू खोली तापली, चारचौघींसारखी तापली, आणि घाम त्याच्या कपाळावरून नाकावर ओघळला. त्या घामाचं त्याला एवढं बरं वाटलं की तो तिथेच खाली बसला.

७

दिव्या तिसऱ्या प्रहरी शुद्धीवर आली. नर्सने पट्टी ओढली तेव्हा तिने भोकाड पसरलं, आणि तिच्या डोळ्यांतून खरं, भरपूर, गालावरून गळ्यापर्यंत पाणी आलं. निरंजन आणि स्वरूपा दोघंही तिच्याबरोबर रडली. शेजारच्या खाटेवरचे लोक बघत राहिले.

"झालं का तिकडचं काम?" स्वरूपाने नाक पुसत विचारलं.

"झालं. काढूनच टाकला. खराब होता."

"काय खराब होतं?"

"कॉम्प्रेसर," तो म्हणाला.

खोटं नव्हतं ते. पण पाळी संपवून जाणाऱ्या माणसाने पुढच्या माणसाला सगळं सांगून जायचं असतं; बायपास कुठे केलाय, मशीन काय करतं, कुठे हात घालायचा नाही. ते न सांगता गेलेल्या माणसाला शॉपफ्लोअरवर कुणी माफ करत नाही. निरंजनला हे कळत होतं. पण एसी आता विलासच्या दुकानात होता, भोक बुजलं होतं, पोर रडत होती. संपलेली गोष्ट बोलून तिला कशाला घाबरवायचं, असा त्याने विचार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वरूपा घरी गेली. दोन दिवस तिच्या डोळ्याला डोळा नव्हता. "अंघोळ करते, हिचे कपडे आणते, तासाभरात येते," म्हणाली. कुसुमताई भाताची पेज घेऊन आल्या, दिव्याने ती वाटीभर खाल्ली आणि आणखी मागितली. दुपार झाली. स्वरूपा आली नव्हती.

त्याने फोन केला. खूप वेळ वाजल्यावर तिने उचलला.

"अगं, कुठे आहेस?"

"पडले होते जरा." तिची जीभ जड झाली होती. "पाठ टेकली फक्त. किती छान गार झालंय रे."

"कुठे गार झालंय?"

"खोलीत." तिला कोरडा खोकला आला. "घसा सुकलाय नुसता."

"स्वरूपा, बाहेर ये. खोलीतून बाहेर ये, ऐकतेस का? आत्ता ऊठ!"

"ओरडू नकोस ना," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

कुसुमताईंना त्याने काय सांगितलं ते त्याला आठवत नाही. त्या म्हणाल्या, "तू जा, पोरीजवळ मी हाय." तो जिन्यावरून उड्या मारतच खाली गेला.

८

रिक्षा काळेवाडीत शिरेपर्यंत त्याने पुन्हा पुन्हा फोन लावला. वाजत राहिला. पुढचं दार त्याने आपल्या किल्लीने उघडलं. हॉल भट्टीसारखा तापला होता. सोफ्यावर दिव्याच्या कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली होती. वर तिची फणी.

झोपायच्या खोलीचं दार बंद होतं. दाराखालच्या फटीतून गारवा येऊन त्याच्या पावलांवरून वाहत होता. त्याने दार ढकललं. आतून कडी होती.

"स्वरूपा!"

त्याने दार बडवलं, खांद्याने धडक दिली. दार चांगल्या लाकडाचं होतं, हललं नाही. मग त्याने जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली, तिच्यावर चढला आणि दारावरच्या झरोक्याच्या काचेला डोळे लावले. काच आतून धुरकट झाली होती. एका कोपऱ्यात तेवढं दिसत होतं.

पडदे त्याने काढून टाकले होते. खिडक्यांवर तिने चादरी बांधल्या होत्या. एसीच्या जागी भिंतीवर नुसता फिकट चौकोन होता, आणि खाली पलंगावर स्वरूपा कुशीवर निजली होती, दाराकडे पाठ करून, दिव्याला घेऊन निजते तशी. तिची वेणी सुटून उशीवर पसरली होती. मानेची कातडी सैल दिसत होती, म्हातारीची असावी तशी. सकाळी गेली ती बाई ही नव्हती, असं क्षणभर त्याला वाटलं. पण हात तिचाच होता, हिरव्या बांगड्यांचा, आणि तो संथपणे वरखाली होत होता. ती कुणाला तरी थोपटत होती.

तिच्या पलीकडे पलंग रिकामा होता. फक्त चादरीवर ओल होती. दिव्याएवढी. डोक्यापाशी गोल, खाली निमुळती, गुडघे पोटाशी घेतलेली. स्वरूपाचा हात त्या ओलीच्या जरा वर थांबत होता, चादरीला न लागता, आणि तिथे थांबूनही आवाज येत होता. थप, थप, लहान मुलाच्या पाठीवर येतो तसा.

निरंजनने काचेवर मूठ मारली. काच तडकली, फुटली नाही. त्याने पुन्हा मारली. "स्वरूपा, दिव्या दवाखान्यात आहे! दिव्या कुसुमताईंजवळ आहे! कडी काढ!"

स्वरूपाने मान वळवली नाही. तिचा आवाज आला तो कोरडा, कागद चुरगळल्यासारखा, आणि त्यात इतकी माया होती की त्याची उगारलेली मूठ तिथेच राहिली.

"हळू बोल ना. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा," ती म्हणाली. "पाणी पाणी करत होती केव्हाची. देतेय मी."